साक्ष मागे घेताना

मी देवाचे आभार दोन दिवस लवकर मानले. माझ्या आजारपणाची गोष्ट तिथून सुरू होते, गाठीपासून नाही.

गाठ डाव्या कानाखाली होती, सुपारीएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती. सुई टाकून तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साधीच दिसतेय, तरी काढून टाकू." काढली. काढलेली गाठ पुढे तपासायला गेली आणि तिचा रिपोर्ट मंगळवारी मिळणार होता. मधे रविवार आला.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. कुणी दुखण्यातून उठलं की त्यानं रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. देवानं कसं वाचवलं, दुःखातून काय शिकवलं, हे सगळ्या मंडळीसमोर सांगायचं. लोक 'आमेन' म्हणतात, मग बाहेर चहा-बिस्किटं. मला साक्ष द्यायची भारी हौस. माझं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. पंप बिघडला तरच लोक माझं ऐकतात, तेही 'किती वेळ लागेल' एवढंच विचारून. इथे अडीचशे माणसं गप्प बसून ऐकणार! मी मंगळवारपर्यंत कसा थांबणार?

कानाखाली पट्टी, ऑपरेशनमुळे तोंडाचा डावा कोपरा किंचित लटकलेला, अशा अवतारात मी उभा राहिलो आणि बावीस मिनिटं बोललो. "देवानं कॅन्सरला माझ्या दारावरून परत पाठवलं!" असं हात वर करून म्हणालो. पुढच्या बाकावरचे दाऊदकाका रडले. तिसऱ्या बाकावर माझी बायको वत्सला घड्याळ बघत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "रिपोर्ट मंगळवारी आहे ना?"

"विश्वास ठेव गं जरा."

मंगळवारी रिपोर्ट आला. कॅन्सर दारावरून परत गेलेला नव्हता. तो आत बसून माझी साक्ष ऐकत होता.

मंगळवार

डॉक्टर तरुण होते. "काका, रिपोर्टमध्ये थोडं वेगळं आलंय," म्हणाले. वेगळं म्हणजे काय ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर, गाठ पूर्ण निघालीय, पण पुन्हा होऊ नये म्हणून कोल्हापूरला जाऊन सहा आठवडे रेडिएशन घ्यावं लागेल. मी मान डोलावत होतो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार मरणाचा आला नाही. पहिला विचार आला तो, 'आता मंडळीला काय सांगू?'

वत्सलानं पर्समधून दुकानाचं जुनं बिलबुक काढलं आणि पावतीच्या मागे सगळं लिहून घेतलं. स्कूटरवरून मारुती मंदिरापर्यंत आलो. तेव्हा ती म्हणाली, "पाणी आलं असेल. टाकी भरायची आहे."

मला इतका राग आला! मला कॅन्सर झालाय आणि ही टाकीचं बोलतेय. घरी आल्यावर मी मुद्दाम आवाज करत कपाट उघडलं, मिटलं. बऱ्याच वेळानं मागच्या अंगणात गेलो, तर टाकी भरून वाहत होती. वत्सला नळावर हात ठेवून उभी होती. पाणी तिच्या पायावरून अंगणभर पसरलं होतं आणि तिला नळ बंद करायचं सुचत नव्हतं. मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. मी त्यांना विचारलं, "साहेब, रविवारच्या साक्षीचं काय करायचं?"

भला माणूस. "साक्ष चुकीची नव्हती," ते म्हणाले. "फक्त जरा... लवकर झाली."

तीन मुद्दे

इथे माझी नीट ओळख करून द्यायला हवी, म्हणजे पुढचा राग कुणावरचा आहे ते कळेल.

बारा वर्षं मी आमच्या चर्चच्या सांत्वन समितीचा प्रमुख होतो. दर बुधवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचं, केस विंचरायचे, दाऊदकाकांना स्कूटरवर मागे बसवायचं आणि आजाऱ्यांना भेटायला निघायचं. दाऊदकाका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, समितीचे दुसरे सदस्य. तिसरं कुणी टिकायचं नाही.

माझ्याकडे तीन मुद्दे होते. दुःख माणसाला शुद्ध करतं. दुःख सुखामागे धावणाऱ्याला थांबवतं. दुःख देवाच्या जवळ नेतं. मलेरियाला हेच तीन, मोडलेल्या खुब्याला हेच तीन. समोरचा माणूस कॉटवर पडलेला, हाताला सलाईन, म्हणजे उठून जाण्याचा प्रश्न नाही. असे श्रोते पाळकसाहेबांनासुद्धा मिळत नाहीत. शेवटी मी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचो. डोळे मिटलेले असल्यामुळे आपल्या बोलण्यानं समोरच्याच्या चेहऱ्याचं काय झालं हे बघावंच लागायचं नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्यातलाच सायमन मूत्रपिंडाच्या विकारानं गेला. पन्नाशीचासुद्धा नव्हता. हसरा माणूस, पण रविवारी उपासना बुडवून भाट्याच्या खाडीवर माशांसाठी गरी टाकून बसायचा. मी त्याला तीन मुद्दे सांगितलेच. ते एकवेळ जाऊ दे. त्याच्या स्मरणाच्या प्रार्थनेत मला बोलायला उभं केलं, तेव्हा त्याची बायको रूथबाई पुढे बसलेली असताना मी म्हणालो, "आपला बंधू सुखाच्या मागे धावत होता. देवानं त्याला आजाराच्या काठीनं कळपात परत आणलं." लोकांनी मान डोलावली. वाक्य चांगलं जमलं असं मलाही वाटलं होतं.

त्यानंतर रूथबाई चर्चमध्ये आल्या नाहीत. विश्वासात दुबळ्या झाल्या, असं आम्ही समितीच्या वहीत लिहिलं.

तर आता माझा रिपोर्ट आल्यावर पहिल्याच बुधवारी दाऊदकाका रिक्षा करून माझ्या घरी आले. खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि म्हणाले, "लेका, तीन गोष्टी सांगतो. दुःख माणसाला शुद्ध करतं."

"काका, हे माझे मुद्दे आहेत."

"म्हणून तर! तुझंच तुला सांगतोय. केवढा आशीर्वाद आहे बघ, स्वतःचं पेरलेलं स्वतःला कापायला मिळतंय. दुसरं. दुःख सुखामागे धावणाऱ्याला थांबवतं."

"मी कुठे धावत होतो हो? दुकान ते घर, घर ते चर्च."

काकांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "मासळी," ते म्हणाले.

"काय मासळी?"

"तुला मासळीचा फार सोस. शनिवारी मिरकरवाड्याच्या बंदरावर सगळ्यात आधी तू. देव बघत असतो."

"सुरमईसाठी देव कॅन्सर देत असेल तर अर्धी रत्नागिरी आडवी पडायला हवी, काका!"

"हसतोस? हस. हे बंडाचं लक्षण आहे."

मी हसत नव्हतो. तोंडाचा डावा कोपरा लटकल्यापासून मी काहीही केलं तरी कुत्सित हसल्यासारखं दिसायचं. तिसरा मुद्दा त्यांनी उभं राहून सांगितला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मी डोळे उघडे ठेवले. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते चित्र समोरून बघत होतो. मिटलेले डोळे, समाधानी चेहरा, हलणारी मान. हातातला पेला फेकून मारावासा वाटला. काकांना नव्हे. काका नुसते पाठ केलेलं म्हणत होते. पाठ करवून घेणारा मी होतो.

लाईट

कोल्हापुरात रेडिएशनला सगळे 'लाईट' म्हणतात. "आज तुमची कितवी लाईट?" असं रांगेत विचारायचं, जसं काही विजेचं बिल भरायला आलोय. सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा तीस. हॉस्पिटलच्या मागे आम्ही एक खोली घेतली होती. वत्सला तिथे स्टोव्ह मांडून बसली.

ज्यांना यातून जायचंय त्यांच्यासाठी सांगतो, लाईट दुखत नाही. दुखतो तो मुखवटा. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तुमच्या तोंडावर दाबतात, ती थंड झाली की तुमच्याच चेहऱ्याचा साचा तयार. रोज तो घालून तुम्हाला टेबलाशी जखडतात. मान हलत नाही, ओठ हलत नाहीत, पापणीसुद्धा जाळीला घासते. मग सगळे बाहेर जातात आणि जाड दरवाजा बंद होतो.

पहिल्या दिवशी त्या जाळीखाली मी माझे तीन मुद्दे आठवले. इतकी वर्षं इतरांना वाटले, आता आपल्याला उपयोगी पडतील. एकही टिकला नाही. मनात एकच शब्द होता. 'काढ.' ही जाळी काढ, हा आजार काढ, मला इथून काढ. शुद्ध-बिद्ध काही वाटत नव्हतं. पट्ट्यात अडकलेल्या कुत्र्यासारखं वाटत होतं.

दुःखानं मी शुद्ध झालो नाही, हे इथे लेखी देतो. चिडका झालो. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललं, लाळ आटली, चव गेली. भात भुशासारखा लागायला लागला. वत्सला मऊ भात करायची, त्यात दूध, वर आणखी दूध, आणि मी ताट ढकलून म्हणायचो, "हे काय वाढलंयस?" एकदा म्हणालो, "तुला काय, तुला चव आहे." तिनं स्वतःचं ताट उचललं आणि बाहेर पायरीवर बसून जेवली. शेजारच्या खोलीतली कोल्हापूरकडची बाई तिला म्हणाली, "वहिनी, आमचं बी असंच हाय बघा. आजारी माणूस गरीब नसतोय." वत्सला त्यावर हसली. माझ्याबरोबर ती त्या आठवड्यात एकदाही हसली नव्हती, म्हणून मी त्या बाईवरही चिडलो.

चांगलं काहीच नव्हतं असं नाही. लाईटच्या खोलीत एक मुलगी काम करायची. सगळं जखडून झालं की बाहेर जाण्याआधी ती माझ्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून दाबायची आणि म्हणायची, "काचेतनं दिसताय मला." बस. चेहरा जाळीत, हात पट्ट्यात, मग उरला तो अंगठा. दुःखाचा अर्थ तिनं कधी सांगितला नाही. ती ख्रिस्ती होती की कोण होती, मी विचारलं नाही. पण त्या टेबलावर तीस दिवस मला देवाचं काही जाणवलं असेल तर ते त्या अंगठ्यात. आणि मग लाज वाटायची, की बारा वर्षांत मी एकाही आजारी माणसाचा अंगठा दाबला नव्हता. उभं राहून बोलत होतो.

विनूची थाळी

मे महिन्यात रत्नागिरीला परतलो. घरोघर आंब्याचा वास होता. मला वास येत होता, पण फोड तोंडात घातली की ओला साबण.

वत्सलाचा भाऊ विनू मुंबईहून आला. विनू चर्चला नाताळलाच जातो, तेही केकसाठी. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "भावोजी, त्या दाऊदचं ऐकू नका. दुःख-बिख सोडा. वाचलात ना? मग आता मजा! माणसाला एकदाच मिळतं. खायचं, प्यायचं, फिरायचं. चला!"

आणि तो मला आणि वत्सलाला समुद्राकाठच्या हॉटेलात घेऊन गेला. सुरमईची थाळी मागवली. वर तळलेली कोलंबी, वर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. टेबल भरलं. मी पहिला घास घेतला. पुठ्ठा. दुसरा घेतला. तिखट तेवढं आतल्या सोललेल्या कातडीला लागलं, बाकी पुठ्ठा. विनू बघत होता.

"कशी आहे?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बघ ताई!" विनू वत्सलाला म्हणाला. "आनंदाश्रू! याला म्हणतात जगणं."

"गप रे मेल्या," वत्सला म्हणाली आणि तिनं माझं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

विनूवर मला दाऊदकाकांइतकाच राग आला. एक सांगतो दुःख गोड मानून घे, दुसरा सांगतो सुख ओरबाडून घे. दोघांनाही मी भरलेलं ताट समोर ठेवून उपाशी बसलोय हे दिसत नव्हतं. सुखामागे धावायचं म्हटलं तरी जीभ लागते हो. ती देवाघरून येते, दुकानात मिळत नाही. आणि ती गेली की कळतं, इतकी वर्षं शनिवारी बंदरावर जाऊन मी पाप करत नव्हतो. मी नुसता आभार मानायला विसरत होतो.

खारातली कैरी

पावसाळा अर्धा उलटला होता. वत्सला बरणीतून मिठाच्या पाण्यातली कैरी काढत होती. मी सवयीनं एक फोड उचलली. जिभेच्या उजव्या कडेला, अगदी टोकाला, काहीतरी झालं. खारट. मी तसाच उभा राहिलो. दुसरी उचलली. खारट! आणि मागून, लाजत लाजत, आंबट.

"वत्सला, खारट आहे!"

"कैरी खारातली आहे. खारटच असणार."

"अगं, खारट आहे!"

मग तिच्या लक्षात आलं. तिनं बरणी बाजूला ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पाच फोडी खाल्ल्या. तोंड झोंबलं, औषध लावावं लागलं. पण त्या दुपारी मी खूप दिवसांनी डोळे मिटले आणि कुणी शिकवलेलं काही न म्हणता नुसतं 'हे छान आहे' एवढंच देवाला सांगितलं. त्यात धडा नव्हता. मुद्दा एकही नव्हता.

त्यानंतर मला प्रभूच्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. मरणाच्या आधी बागेत त्यानं बापाला हेच सांगितलं होतं, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला चांगला आहे असं म्हणाला नाही. कुष्ठरोगी समोर आला तेव्हा 'यातून काहीतरी शीक' असं म्हणाला नाही, हात लावून बरं केलं. लग्नघरी द्राक्षारस संपला तेव्हा 'सुखामागे धावू नका' म्हणून प्रवचन केलं नाही, आणखी करून दिला, तोही चांगल्यातला. मरणातून उठल्यावर तर किनाऱ्यावर विस्तव करून मित्रांसाठी मासे भाजत बसला. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत होतो. ऐकून मी काय केलं, तर सायमनला गरी टाकल्याबद्दल काठी मारली.

शिलाई मशीन

रूथबाई शाळेचे गणवेश शिवतात. मी गेलो तेव्हा मशीन चालू होतं. त्यांनी "या" म्हटलं, पण पाय थांबवला नाही.

"रूथबाई, मी माफी मागायला आलोय."

"कसली?"

"सायमनच्या वेळी मी जे बोललो त्याची."

"मला बोलला होतात?" मशीन चालूच. "मला एकटीला बोलला असतात तर मी तेव्हाच दोन शब्द ऐकवले असते. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. माझा मुलगा तेव्हा दहावीला होता. त्याला पोरं विचारायची, तुझा बाप गरी टाकायला जायचा म्हणून मेला काय रे? पोर घरी येऊन मला विचारायचा. मी काय सांगू?"

मी खाली बघत होतो. खाली निळ्या कापडाच्या चिंध्या होत्या.

"उपासना बुडवायचा तो, खरंय," त्या म्हणाल्या. "आठवडाभर राबायचा. रविवारी सकाळी खाडीवर बसला की त्याच्या तोंडावर जे यायचं ना, ते तुमच्या चर्चमध्ये मी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही. आणि त्याला तुम्ही पापी ठरवून पुरलंत."

"चुकलं माझं."

"मग चुकलं ते माझ्या मशीनपुढे का सांगताय? जिथे बोललात तिथे सांगा."

त्यांनी दोरा तोडला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कॅन्सर झाला म्हणून आलात. नसता झाला तर आला असतात?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "नसतो आलो," मी म्हणालो.

"हं. बसा. चहा ठेवते."

उपकारस्तुतीचा रविवार

भातकापणी आटोपली की आमच्याकडे उपकारस्तुतीचा रविवार असतो. वेदीपुढे भाताच्या लोंब्या, नारळ, सुपारी, कुणाच्या परसातला भोपळा असं सगळं मांडतात. पाळकसाहेब आठवडाभर आधी आले. "तपासणी स्वच्छ आली ना? मग आता साक्ष द्या. या वेळी रिपोर्ट बघून," ते हसून म्हणाले. "दुःखानं काय शिकवलं ते सांगा. लोक वाट बघतायत."

मी दोन रात्री कागद लिहिला आणि फाडला. गप्प बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. समिती राहिली असती, मान राहिला असता, वत्सलाचं महिला मंडळातलं स्थान राहिलं असतं. तिला विचारलं तर म्हणाली, "बोला काय बोलायचं ते. पण बावीस मिनिटं नको."

रूथबाईंना निरोप धाडला होता. त्या आल्या, पण बसल्या नाहीत. मागच्या दाराशी उभ्या राहिल्या.

मी वेदीजवळ गेलो. म्हणालो, "मागच्या वेळी मी इथे उभा राहून खोटी साक्ष दिली. ती मागे घेतो. तुम्हाला वाटतंय की आता मी आजाराबद्दल आभार मानीन. मानणार नाही. हा आजार वाईट होता. त्यानं मला चांगलं केलं नाही. जे काही चांगलं झालं ते माणसांनी केलं, आणि माणसं देवानं पाठवली, त्यांच्याबद्दल आभार. खारट चव परत आली, तिच्याबद्दल आभार."

पुढून एक 'आमेन' आला आणि आपण चुकीच्या जागी म्हटलं की काय असं वाटून अर्ध्यावर थांबला.

"बारा वर्षं मी तुमच्या कॉटपाशी येऊन दुःख चांगलं असतं असं सांगत होतो. मला ते माहीत नव्हतं. मला काहीच दुखत नव्हतं. आणि सायमनबद्दल मी इथूनच बोललो होतो की सुखामागे धावला म्हणून देवानं त्याला मारलं. ते देवाच्या नावावर खोटं बोललो. सायमन खाडीवर बसायचा तेव्हा सुखी असायचा, आणि ते सुख देवानंच दिलेलं होतं. त्याच्या मुलानं हे ऐकावं असं मला..."

इथे दाऊदकाका उभे राहिले आणि त्यांनी गीत सुरू केलं. फार वरच्या पट्टीत. आधी दोघं-तिघं, मग सगळी मंडळी उभी राहून गायला लागली. माझं वाक्य तसंच राहिलं. माणसं उभी राहिल्यामुळे मागचं दार झाकलं गेलं. रूथबाई तिथे होत्या की निघून गेल्या होत्या, मला दिसलं नाही. मी वेदीजवळ एका भोपळ्याशेजारी उभा होतो आणि माझं तोंड, नेहमीप्रमाणे, कुत्सित हसत होतं.

चहाच्या वेळी आमच्याभोवती बरीच मोकळी जागा होती. एक म्हातारी बाई येऊन माझा हात दाबून गेली. पाळकसाहेब जवळ आले, बशीतलं बिस्किट फिरवत राहिले आणि म्हणाले, "समितीच्या कामातून तुम्ही... जरा विश्रांती घ्या. तब्येत महत्त्वाची."

मी स्कूटर काढली. वत्सला मागे बसली. रस्त्यात मी म्हणालो, "समितीतून काढलं मला."

"ऐकलं."

"तुला वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. फार वाटलं."

मी स्कूटर कडेला घेतली. मला वाटलं, चारचौघींत हिला मान खाली घालावी लागणार. मागे वळून म्हणालो, "वत्सला, तुझ्या मानाचा मी विचारच..."

"मानाचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. "बारा वर्षं दर बुधवारी तुम्ही गेलात की मी दार लावून घ्यायचे. सकाळीच एक बांगडा आणून ठेवलेला असायचा. एकच. तो तव्यावर टाकायचा आणि ओट्यापाशी उभ्यानंच, गरम गरम, हातानं खायचा. कुणाला वाढायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. खाऊन झालं की मी देवाचे आभार मानायचे. इतके मनापासून मी चर्चमध्ये कधी मानले नाहीत. नऊ महिने झाले, बुधवारीसुद्धा तुम्ही आपले समोर."

मी स्कूटरचं इंजिन बंद केलं.

"तुम्ही आज बोललात ते सगळं पटलं मला," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगदी शब्दन् शब्द पटला. आता तेवढी बुधवारची कुठेतरी सोय बघा."